शेवटचं पान आधी

मागच्या पालकसभेला आले होते तेव्हा मराठीच्या सरांनी सहज विचारलं, "तुम्ही एवढं वाचता, तर यंदा मराठी विभागासाठी वाचनावर काही लिहून द्या ना." मी लगेच हो म्हटलं आणि परतीच्या गाडीत बसल्यावर घाबरले. वाचनाचं महत्त्व दर अंकात कुणी ना कुणी सांगतंच. त्यात मी काय भर घालणार? मग ठरवलं, महत्त्व सांगायचं नाही. मला वाचनाची एक वाईट खोड होती. ती गेल्या मे महिन्यात कशी सुटली, एवढंच लिहायचं. या हकिकतीत आमचा कॅडेटही आहे. त्याची परवानगी घेतली आहे. "माझं नाव घालू नकोस," एवढीच त्याची अट.

आम्ही राहतो एयरोसिटीत. गावाकडे सांगताना 'चंदीगड' म्हणतो, पण खरं तर ही वसाहत मोहालीच्या हद्दीत, विमानतळाच्या रस्त्याला लागून आहे. कॅडेटचे बाबा हवाई दलातून निवृत्त झाले आणि इथंच नोकरी लागली, म्हणून राहिलो. दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गच्चीतून उतरणारी विमानं दिसतात. सकाळी लडाखकडे रसद घेऊन जाणारी हवाई दलाची विमानं उडतात, तेव्हा हे वर्तमानपत्रातून मान वर न करता आवाजावरून विमानाचं नाव सांगतात. विमान डोक्यावरून गेलं की बोलणं थांबतं, वाचनही दोन ओळी मागे जातं. आता त्याची सवय झाली आहे.

माझं वाचन सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या वाचनालयात सुरू झालं. एका वेळी एकच पुस्तक मिळायचं आणि उशीर झाला की दंड. दूध तापायला ठेवून वाचत बसायचं, दूध उतू जायचं आणि आईची बोलणी खायची, हा रोजचाच कार्यक्रम. लग्न झाल्यावर बदल्या सुरू झाल्या. प्रत्येक बदलीला सामानात एक काळी ट्रंक पुस्तकांची असायची, आणि ती उचलताना प्रत्येक वेळी ह्यांचा एकच प्रश्न, "यात दगड भरलेत का?"

शेवटचं पान आधी वाचायची खोड लागली ती याच काळात. हे डिटॅचमेंटवर गेले की पंधरा-पंधरा दिवस घरात मी आणि लहान मूल. रात्री मूल झोपलं की पुस्तक उघडायचं. पण गोष्टीत कुणी आजारी पडलं, कुणी लांबच्या प्रवासाला निघालं, की माझा जीव घाबरा व्हायचा. मग सरळ शेवटचं पान काढायचं. माणूस जिवंत आहे ना, घरी पोचला ना, एवढं पाहायचं आणि मग निवांत मधलं वाचायचं. शेवट वाईट असला तर पुस्तक तिथंच बंद. अशी कितीतरी चांगली पुस्तकं मी शेवटच्या पानावरून परत केली आहेत.

एकदाच ही युक्ती चालली नाही. विश्वास पाटलांचं 'पानिपत' वाचताना. त्याचा शेवट काय पाहायचा? तो सगळ्या महाराष्ट्राला ठाऊकच आहे. तरी ते जाडजूड पुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. दिल्लीहून चंदीगडकडे येताना गाडी पानिपत स्टेशनावरून जाते, तेव्हा आम्ही मायलेक अजूनही न बोलता खिडकीबाहेर पाहतो. शेवट माहीत असूनही ते पुस्तक का वाचलं, हा प्रश्न मात्र तेव्हा मला पडला नव्हता.

आमच्या ब्लॉकमधल्या बागेत संध्याकाळी फिरायला येणाऱ्या आठ-दहा जणांनी दोन वर्षांपूर्वी पुस्तकांचं मंडळ सुरू केलं. एक निवृत्त कर्नलसाहेब, विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरी केलेल्या एक मॅडम, एक तरुण डॉक्टर जोडपं, आमच्या समोरच्या घरातल्या बीजी आणि त्यांचा नातू, आणि मी. नियम साधे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी जमायचं. पुस्तक पाळीपाळीने एकेकाने निवडायचं. कुठल्याही भाषेत वाचलं तरी चालेल. आणि निवड आवडली नाही तरी नकार द्यायचा नाही.

हा शेवटचा नियम मला जड जाणार हे पहिल्याच महिन्यात कळलं. पहिलं पुस्तक होतं खुशवंतसिंगांचं 'ट्रेन टू पाकिस्तान'. १९५६ सालची ही कादंबरी फाळणीच्या वेळी सतलजकाठच्या एका छोट्या गावात घडते. मी सवयीप्रमाणे शेवट पाहिला, गाडी सुटते असं दिसलं, मग धीर करून वाचली. आपल्याकडे फाळणी म्हणजे इतिहासाच्या पुस्तकातला एक धडा. बीजींसाठी तसं नव्हतं. त्यांचं घर लायलपूरला होतं. निघाल्या तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या. त्यांचा नातू त्यांना रोज दहा पानं वाचून दाखवायचा. प्रेतांनी भरलेली गाडी स्टेशनात येते तिथं त्यांनी त्याला थांबायला सांगितलं. बैठकीत आम्ही पात्रं, भाषा, शेवट असं बरंच बोललो. बीजी एवढंच म्हणाल्या, "त्या गाडीपुढचं मी नंतर ऐकेन. थांबलेय, सोडलेलं नाही." तीन महिन्यांनी त्यांनी नातवाकडून उरलेलं पुस्तक ऐकून पूर्ण केलं. मी ते लक्षात ठेवलं, पण त्यातून शिकले काहीच नाही.

बीजींचा माझ्यावर पहिल्यापासून लोभ. मी महाराष्ट्रातली हे कळल्यावर त्यांनी हात जोडले होते, कारण मी बाबा नामदेवांच्या मुलखातली. आपले नामदेव महाराज पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला राहिले आणि गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच घुमानला भरलं होतं. परमुलखात आपली ओळख द्यायला काय उपयोगी पडेल हे सांगता येत नाही. माझ्या बाबतीत सातशे वर्षांपूर्वीचे अभंग उपयोगी पडले.

सगळ्याच निवडी चांगल्या होत्या असं नाही. एकदा डॉक्टरांनी पैसा कसा वाढवावा यावरचं एक इंग्रजी पुस्तक निवडलं. मी चाळीस पानांत थकले. पण ह्यांनी ते पूर्ण वाचलं आणि आठवडाभर घरात पनीर येणं बंद झालं. अमृता प्रीतम यांची 'पिंजर' मात्र दोन दिवसांत संपवली आणि पुढचे चार दिवस कुणाशी नीट बोलले नाही.

माझी पाळी आली तेव्हा मोठा पेच पडला. मराठी पुस्तक निवडायचं होतं, पण बाकीच्यांना वाचता यायला हवं. शेवटी गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' निवडलं. अमृतलाल नागर यांनी त्याचा हिंदी अनुवाद 'आँखों देखा गदर' या नावाने केलेला आहे. कॅडेट मित्रांनो, हे पुस्तक तुमच्यापैकी ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचा. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे घरचं कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवायला १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि नेमके त्या धामधुमीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते झाशीतच होते. तोफा, उपासमार, लूट सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. राजवाड्यातल्या ग्रंथांची झालेली नासधूस त्यांनी ज्या कळवळ्याने लिहिली आहे, ती वाचून आमच्या ग्रंथपाल मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं सोसून हे गृहस्थ पैशाऐवजी आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन परतले. हे पुस्तक छापून आलं १९०७ साली, चिंतामणराव वैद्यांच्या हातून.

कर्नलसाहेब त्या बैठकीत म्हणाले, "लढाईची पुस्तकं मी पुष्कळ वाचली. ती लिहिणारे एकतर सेनापती, नाहीतर इतिहासकार. हा माणूस साधा आहे. घाबरलो तर घाबरलो म्हणून लिहितो. म्हणून माझा त्याच्यावर विश्वास बसतो."

पुढची पाळी त्यांची. एप्रिलच्या बैठकीत त्यांनी निवडलं 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट'. एरिक मारिया रेमार्क या जर्मन लेखकाची १९२९ साली पुस्तकरूपाने आलेली कादंबरी. रेमार्क स्वतः पहिल्या महायुद्धात लढले होते, जखमी झाले होते. एका वर्गातली मुलं मास्तरांच्या भाषणाने भारावून सैन्यात जातात आणि पुढे काय होतं, याची ती गोष्ट. १९३३ साली नाझींनी जी पुस्तकं जाहीरपणे जाळली, त्यात हेही होतं.

घरी आले, पुस्तक उघडलं आणि शेवटचं पान पाहिलं. तिथं जे होतं ते वाचून पुस्तक मिटलं. त्या वर्गातलं एक नाव मला माझ्या घरातलं दिसायला लागलं. दहावीतलं मूल सैनिकी शाळेत आहे, एनडीएची स्वप्नं पाहतं आहे, आणि मी हे वाचायचं? आणि सैन्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने हे निवडावं? मला कर्नलसाहेबांचा रागच आला. पुस्तक मी गव्हाच्या डब्यामागे ठेवून दिलं.

मग ७ मे उजाडला. ऑपरेशन सिंदूरची बातमी आली. विमानतळ नागरी वाहतुकीसाठी बंद झाला आणि आमच्या डोक्यावरचा रोजचा आवाज थांबला. इतके दिवस ज्या आवाजाला नावं ठेवली, तो नसताना झोप लागेना. ८ तारखेच्या रात्री चंदीगड आणि मोहालीत ब्लॅकआउट झाला. आम्ही खिडक्यांना चादरी लावून पुढच्या खोलीत बसलो होतो. हे शांत होते, त्यांना सवय आहे. ९ तारखेला सकाळी सायरन वाजले.

त्याच संध्याकाळी शाळेतून कॅडेटचा फोन आला. मुलांनी बातम्या पाहिल्या होत्या. त्याचा पहिला प्रश्न, "आई, तिकडं सगळं ठीक आहे ना?" मी अंधारात बसून सांगितलं, "सगळं ठीक आहे रे. इथं काहीच नाही. जेवलास का?" तो म्हणाला, "हो, जेवलो. इकडंही सगळं ठीक." फोन ठेवल्यावर हे म्हणाले, "दोघंही चांगलं खोटं बोलता."

मेच्या तिसऱ्या आठवड्यात त्याला सुट्टी लागली. तोवर परिस्थिती निवळली होती, विमानं पुन्हा सुरू झाली होती. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी लाडवाचा डबा शोधताना त्याला गव्हाच्या डब्यामागे ते पुस्तक सापडलं. दोन दिवस तो पाय वर करून गच्चीत वाचत होता. मी येता-जाता त्याचा चेहरा पाहायची. तिसऱ्या दिवशी तो बाजारात गेला असताना मी पुस्तक उचललं आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं.

"आई, माझं पुस्तक कुठं गेलं?"

"कर्नलसाहेबांचं होतं. त्यांनी परत मागितलं."

हे माझं त्या महिन्यातलं दुसरं खोटं. आणि ते तासभरही टिकलं नाही. पोरगं सरळ कर्नलसाहेबांच्या दारात जाऊन उभं राहिलं, "सर, माझी साठ पानं उरली आहेत, तेवढी वाचून देतो." कर्नलसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, आत जाऊन स्वतःची जुनी प्रत आणली आणि त्याच्या हातात ठेवली. बाकी काही बोलले नाहीत. माझी प्रत माझ्या साड्यांखाली होती आणि त्यांची प्रत माझ्या मुलाच्या हातात. मला जिन्यात त्याच्यासमोर उभं राहवेना.

त्याने ते संपवलं. रात्री जेवणं झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसला.

"आई, तू वाचलंस का हे?"

"शेवट वाचलाय."

"मग काहीच नाही वाचलंस." त्याने पुस्तक उघडून मधलं एक प्रकरण काढून दिलं. "एवढं वाच. बाकीचं नको वाचूस हवं तर."

त्या प्रकरणात तो तरुण सैनिक, पॉल, रजेवर घरी येतो. आई आजारी आहे. ती त्याच्यासाठी त्याच्या आवडीचं खायला जपून ठेवते. तिकडं फार वाईट आहे का, असं ती विचारते, आणि तो नाही म्हणून सांगतो. मग तो आपल्या जुन्या खोलीत जातो. फळीवर त्याची लाडकी पुस्तकं ओळीने लावलेली आहेत. तो ती उघडतो, पण त्याला त्यातलं एक अक्षरही आता आपलं वाटत नाही. गावात मेलेल्या मित्राची आई त्याला शपथ घालून विचारते, की माझं मूल कसं गेलं. तो तिलाही खोटंच सांगतो, की लगेच गेला, त्रास झाला नाही. निघायच्या आदल्या रात्री आई अंधारात त्याच्या उशाशी बसून राहते. दोघांनाही बोलायचं आहे आणि दोघंही एकमेकांना जपत गप्प आहेत.

मी वाचून संपवलं. विमान गेलं तेव्हा मी दोन ओळी मागे गेले नाही, कारण ते कधी गेलं मला कळलंच नाही.

मग मी विचारलं, "तू सातवीत गेलास तेव्हा दर रविवारी फोनवर म्हणायचास, सगळं ठीक आहे. होतं का?"

तो जरा वेळ गप्प बसला. म्हणाला, "पहिले दोन महिने नव्हतं." लाइट्स आउट झाल्यावर तो बाथरूममध्ये जाऊन रडायचा. त्याच्यासारखी आणखी दोन मुलं तिथं असायची. तिघंही तोंड धुवायला आल्याचं नाटक करायची. तीच दोघं आज त्याचे जिवलग मित्र आहेत. मी त्याच्या ट्रंकेत मुद्दाम 'श्यामची आई' ठेवली होती. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं पुस्तक, घरापासून दूर असलेल्या मुलाला याहून चांगलं काय द्यायचं, असं मला वाटलं होतं. "आई, ते मी उघडलंच नव्हतं. नाव पाहूनच रडायला यायचं. गादीखाली ठेवलं होतं. दुसऱ्या टर्मला वाचलं."

म्हणजे पुस्तक लपवणारी मी घरातली पहिली नव्हते.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू घाबरली असतीस. आणि ब्लॅकआउटच्या दिवशी तू मला सांगितलंस का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी त्याला त्या रात्रीचं सगळं सांगितलं. चादरी कशा लावल्या, बीजींना आमच्या घरी कसं आणलं, त्यांना १९४७ कसं आठवलं, सायरन वाजला तेव्हा माझे हातपाय कसे गार पडले. त्याने शांतपणे ऐकलं. लहान होता तेव्हा मी त्याला गोष्टी सांगायची, तसाच मांडी घालून बसून.

त्या महिन्याच्या बैठकीला तो पाहुणा म्हणून आला. मी आधी सगळ्यांसमोर कर्नलसाहेबांची माफी मागितली आणि विचारलं, "हे पुस्तक तुम्ही का निवडलंत?" ते १९७१ च्या डिसेंबरात नुकतेच कमिशन झालेले सेकंड लेफ्टनंट होते. म्हणाले, "मी तेव्हा आईला पत्र लिहिलं होतं, जेवण छान आहे, थंडी फार नाही. ती गेली तेव्हा तिच्या पेटीत ते पत्र सापडलं. घड्या उघडून उघडून फाटलं होतं. तिला ते खोटं आहे हे माहीत होतं, आणि आम्ही पुढं पस्तीस वर्षांत त्याबद्दल एकदाही बोललो नाही. हे पुस्तक मी फार उशिरा वाचलं. तिच्या हयातीत वाचलं असतं तर बोललो असतो." मग कॅडेटकडे वळून विचारलं, "हे वाचून तुला सैन्यात जावंसं वाटतं का?"

मी श्वास रोखून धरला. तो म्हणाला, "हो सर. पण आधी मला फक्त युनिफॉर्म दिसायचा. आता त्याच्या आतला माणूसही दिसतो. त्या मास्तरांसारखं नुसतं भाषण करून मी कुणाला पाठवणार नाही." कर्नलसाहेब म्हणाले, "उद्या तुझ्या हाताखाली तीस माणसं असतील. प्रत्येकाच्या घरी एक आई असेल. एवढं लक्षात राहिलं तरी पुस्तकाचं काम झालं."

शेवटच्या पानाचा विषय मग माझ्यावरच आला. ग्रंथपाल मॅडमनी दोन गोष्टी सांगितल्या, त्या इथं मुद्दाम लिहिते.

पहिली १९६८ ची. ७ फेब्रुवारीला चंदीगडहून लेहकडे निघालेलं हवाई दलाचं एएन-१२ विमान खराब हवामानामुळे परत फिरलं आणि रोहतांगच्या परिसरात नाहीसं झालं. त्यात १०२ जण होते. पस्तीस वर्षांनी, २००३ मध्ये, गिर्यारोहकांना बर्फात अवशेष दिसले. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये, म्हणजे ५६ वर्षांनी, आणखी चार जणांचे देह मिळाले आणि त्यांच्या घरी पोचवले गेले. आमच्या डोक्यावरून रोज सकाळी जाणारा रस्ता तोच. मॅडम म्हणाल्या, "त्या घरांना शेवटचं पान वाचायला मिळालंच नाही, किंवा अर्ध्या शतकानंतर मिळालं. तरी मधली सगळी वर्षं त्यांनी काढलीच. मुलं वाढवली, लग्नं केली." त्या खोलीत हवाई दलाच्या माणसाची बायको मी एकटीच होते. मला यापुढं काही सांगायची गरज नव्हती.

दुसरी गोष्ट भगतसिंगांची. आमच्या विमानतळाला २०२२ पासून त्यांचं नाव आहे, पण ते केवढे वाचक होते हे मला माहीत नव्हतं. लाहोरच्या द्वारकादास ग्रंथालयातून ते पुस्तकं नेत. फाळणीनंतर ते ग्रंथालय इकडं आलं आणि आज चंदीगडला सेक्टर १५ मधल्या लाजपतराय भवनात आहे. तुरुंगात वाचलेल्या पुस्तकांतली टिपणं त्यांनी एका वहीत उतरवून ठेवली होती, ती वही पुढे छापली गेली. २३ मार्च १९३१ ला, आपल्या खेडच्या राजगुरूंबरोबर आणि सुखदेवांबरोबर त्यांना फाशी झाली. त्या दिवशीही ते लेनिनचं चरित्र वाचत होते, असं सांगतात. वय अवघं २३. आपला शेवट काय हे त्या माणसाला ठाऊक होतं. तरी तो मधली पानं वाचत होता.

सुट्टी संपायच्या आधी आम्ही मायलेक सेक्टर १५ ला जाऊन आलो. येताना बसमध्ये त्याला विचारलं, "पानिपतचा शेवट माहीत असून आपण ते का वाचलं असेल रे?" तो म्हणाला, "कोण कसं लढलं ते बघायला." मला इतक्या वर्षांत न पडलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याने एका दमात देऊन टाकलं.

कॅडेट मित्रांनो, उपदेश करायचा नाही असं सुरुवातीला म्हटलं होतं, तरी आईच्या नात्याने दोन गोष्टी सांगते. तुमच्या हाउसमध्ये चौघांनी मिळून महिन्याला एक पुस्तक वाचा. निवड पाळीपाळीने करा आणि दुसऱ्याची निवड आवडली नाही तरी निदान पन्नास पानं द्या. मी स्वतः होऊन 'ऑल क्वाएट' कधीच उचललं नसतं. आणि वाचलेलं एखादं प्रकरण घरी आईबाबांना वाचायला सांगा. जे तोंडाने सांगता येत नाही, ते कधीकधी पुस्तक पुढं सरकवून सांगता येतं. पालकांनाही एक विनंती. मुलांपासून पुस्तक लपवू नका. त्यांना ते सापडतंच. आणि रविवारच्या फोनवर मूल 'सगळं ठीक आहे' म्हणालं तर रागावू नका, आपणही तेच म्हणत असतो.

आमच्या रविवारच्या फोनची शेवटची पाच मिनिटं आता पुस्तकासाठी असतात. सध्या तो शाळेच्या ग्रंथालयातून 'माझा प्रवास' वाचतो आहे, मूळ मराठीतून, आणि जुन्या शब्दांचे अर्थ मला विचारतो. अर्धे मलाही येत नाहीत. या महिन्यात मंडळाची निवड बीजींची आहे, एक पंजाबी कादंबरी, हिंदी अनुवादात. खोड एकदम सुटत नाही, म्हणून मी पुस्तकाच्या शेवटच्या दहा पानांना केसांची पिन लावून ठेवली आहे. आज पान १४२ वर आहे. नायक आजारी पडलाय. पिन अजून तशीच आहे.